सुस्वागतमखालची वजनं

माझं नाव विचारायच्या आधी बाईंनी माझं वजन सांगितलं. मी त्यांच्या दारात बॅग घेऊन उभी होते, भाड्याची खोली बघायला आलेली. त्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मान वर केली, मला एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "एक्कावन्न. बॅगेसकट साठ. ये, बस. जेवली का?"

मी चिडले. मला राग लवकर येतो, आमच्या घरी हे सर्वांना ठाऊक आहे. म्हटलं, आधी खोलीचं बोला न काकू. तर म्हणाल्या, "खोली कुठं पळून चालली वं? तू चक्कर येऊन पडली तं मलेच उचला लागन. एक्कावन्न काही कमी नसते उचलाले."

मग त्यांनी मला ओल्या तुरीच्या दाण्यांची भाजी आणि भाकर वाढली. खोली मी जेवण झाल्यावर पाहिली आणि तिथं चार वर्षं राहिले. त्या रविवारी नागपूरला घरी गेले तेव्हा भावाच्या काट्यावर मुद्दाम उभी राहिले. एक्कावन्न किलो दोनशे ग्रॅम. दोनशे ग्रॅम बहुधा त्यांच्या भाकरीचे असावेत.

गाव काटोल रोडवरचं. नाव सांगत नाही, कारण तिथले लोक मायाळू असले तरी छापलेल्या अक्षरावर भांडायला एका पायावर तयार असतात. मी तिथल्या कॉलेजात मराठी शिकवायला होते, तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर तुमचं अस्तित्व, नाही तर नाही. पहिले दोन महिने नागपुरातल्या महाल भागातून रोज एसटीनं जाऊन-येऊन माझी कंबर कामातून गेली, म्हणून ही खोली.

बाई सरकारी उपकेंद्रातल्या नर्स. मी गेले तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण खांद्यावरच्या पदराला उलटं टाचलेलं ते छोटं घड्याळ काही सुटलं नव्हतं. गावात कोणी त्यांना नावानं हाक मारत नसे. सगळ्यांच्या त्या नर्सबाई. आणि त्यांनाही गाव माणसांच्या नावानं आठवायचं नाही, सुयांनी आठवायचं. एकदा चौकात ट्रॅफिकचा हवालदार कोणा पोराला दमदाटी करत होता. बाई थांबल्या आणि भर चौकात म्हणाल्या, "काहून गा, एवढा आवाज काढून राहिला? पाच वर्षाचा होता तवा ट्रिपल लसीच्या सुईले टेबलाखाली लपला होता तू. तुले बाहेर काढाले तीन माणसं लागले होते." हवालदारानं शिटी खिशात टाकली आणि दुसऱ्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिला.

राग आला की बाई बोलत नसत. डाव्या हाताची नाडी उजव्या हातानं धरायच्या, मान वाकडी करून पदरावरच्या घड्याळात बघायच्या आणि पूर्ण एक मिनिट मोजायच्या. मिनिट संपलं की बोलायच्या. समोरच्याचा जीव त्या मिनिटातच अर्धा व्हायचा. मी एकदा दूध उतू घालून गॅस विझवला होता, तेव्हा माझ्यावरही एक मिनिट खर्च झालं होतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी. तुयापायी माये बारा ठोके वाढले." दूध मी पुन्हा कधी उतू घातलं नाही.

पण बाईंची खरी ख्याती वेगळीच होती. दर शनिवारी संध्याकाळी साडेपाचला त्या लोकांना गावातली संग्रहालयं दाखवायला न्यायच्या. त्या गावात सरकारी दप्तरात एकही संग्रहालय नाही. बाईंच्या हिशेबी तीन होती. पाहुणा म्हणून आलेला जावई, कॉलेजात परीक्षेला आलेले बाहेरचे प्राध्यापक, औषध कंपनीचा एखादा चुकलेला माणूस, जो सापडेल त्याला त्या धरून न्यायच्या. संध्याकाळच का, म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "दिवसा माणसं कामाले जाते. माणसाबिगर वस्तू काय पाहाची? मुकी असते ते."

पहिलं संग्रहालय म्हणजे सायकलवाल्या काकांचं दुकान. भिंतीवर जुने दिवे आणि सायकलचे पितळी बिल्ले टांगलेले. पूर्वी सायकल चालवायला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा, तो. काका बल्ब मुद्दाम बंद करायचे. मग पाहुण्यानं स्टँडवरच्या सायकलवर बसून पायडल मारायचं, म्हणजे डायनॅमोवर दिवा लागायचा आणि त्या उजेडात बाकीच्यांनी बिल्ले बघायचे. पायडल थांबलं की संग्रहालय अंधारात. एकदा आमचे प्राचार्य घामाघूम होईस्तोवर पायडल मारत होते आणि बाई खालून ओरडत होत्या, "सर, जरा जोरात! तो कोपऱ्यातला बिल्ला दिसून नाही राहिला!"

दुसरं, पेंटरभाऊंचं. संत्री लाकडी पेट्यांतून रेल्वेनं जायची त्या काळात पेट्यांवर मालकाचं नाव छापायचे पत्र्याचे छाप पेंटरभाऊंचे वडील कापायचे. ते सगळे छाप त्यांच्या पडवीत होते. प्रत्येकाला हातात घेऊन बघायचे, हवं तर वहीवर छापायचे. तिन्ही ठिकाणी बाईंनी पेंटरभाऊंकडून एकच पाटी लिहून घेतली होती: 'हात लावा'. नागपूरच्या मोठ्या संग्रहालयात त्यांना एकदा रखवालदारानं हटकलं होतं, मूर्तीला हात लावला म्हणून. तो राग या पाटीत उतरला होता. "हात नाही लावला तं वस्तू रुसते," असं त्या मला अगदी गंभीरपणे सांगायच्या.

तिसरं संग्रहालय गावाच्या टोकाला, जकात नाक्याची बंद पडलेली खोली. जकात गेली तशी ती खोलीही कोणाच्या कामाची राहिली नव्हती. आत एक मोठा लोखंडी काटा, माल मोजायचा, जमिनीवर फळी असलेला. तो अजून चालत होता, कारण जुने नाकेदार दर आठवड्याला त्याला तेल द्यायचे. नाकेदार ऐंशीच्या पुढचे, कानानं कमी, पण काट्याचा आवाज त्यांना बरोबर ऐकू यायचा. आणि काट्यामागे ती भिंत.

त्या भिंतीसाठी मी हे सगळं लिहीत आहे.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा उपकेंद्रातला लेकरं तोलायचा झोळीचा काटा तुटलेला होता. नवीन येईल येईल म्हणता बरीच वर्षं आला नाही. मग बाईंनी युक्ती काढली. गोवराच्या लसीच्या वेळी, लेकरू नऊ महिन्यांचं झालं की आईला लेकरासकट नाक्याच्या काट्यावर उभं करायचं, मग एकटीला उभं करायचं, आणि वजाबाकी करायची. पावशेर इकडंतिकडं. ते वजन कोळशानं तिथंच भिंतीवर लिहायचं. आईचं वजन मात्र लिहायचं नाही. "लिहिलं तं सासू वाचते," बाई म्हणायच्या.

लेकराचं नावही लिहायचं नाही. नाव आणि वजन एका जागी आलं तर लेकराला नजर लागते, असं बायकांचं म्हणणं, आणि त्यापुढे बाईंचं काही चाललं नाही. म्हणून प्रत्येक आईनं आपली एक खूण काढायची. कोणी कंगवा, कोणी पाटा, कोणी पान, कोणी नुसते तीन ठिपके. संत्री तर इतकी होती की विचारू नका, संत्र्याचंच गाव ते. खूण आणि आकडा, बस. जमिनीपासून हात पुरेल तिथपर्यंत ती भिंत अशी भरलेली होती. शनिवारच्या फेरीत बाई त्या भिंतीसमोर उभ्या राहून एकेका खुणेवर बोट ठेवायच्या, "हा सात किलो, आता बँकेत हाये. हे साडेसहा, अशक्त होती पोट्टी, आता दोन लेकरं उचलून बस पकडते." शेकडो खुणा, आणि सगळ्या पाठ.

एका शनिवारी फेरी संपली, लोक गेले, तरी बाई निघेनात. हातात टॉर्च घेऊन भिंतीच्या खालच्या भागापाशी उकिडव्या बसल्या होत्या. मी म्हटलं, काय शोधून राहिल्या बाई? मला वाटलं कानातलं पडलं.

"पोट्ट्याचं वजन," त्या म्हणाल्या.

"कोणाच्या?"

"माया."

माया, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या. त्यांचा मुलगा पुण्यात, चाळिशीचा, दर रविवारी सकाळी दहाला फोन करायचा. बाईंनी मग तिथंच बसून सांगितलं. मुलगा नऊ महिन्यांचा असताना पलीकडच्या खेड्यांत हगवणीची साथ आली आणि त्या आठ-दहा दिवस घरी येऊ शकल्या नाहीत. लसीचा दिवस तेव्हाच आला. बदलीची नर्स होती. बाईंचे मालक, एसटीत मेकॅनिक, लेकराला घेऊन नाक्यावर गेले. कार्डावर त्या नर्सनं वजनाची जागा कोरीच सोडली. बाई परत आल्या आणि विचारलं, किती भरला? तर मालक रुसलेले.

"म्हणे, भिंतीवर लिहिलं. खूणही काढली. साऱ्या गावाच्या लेकराच्या खुणा तुले पाठ, आता आपल्याची शोध," बाई म्हणाल्या. "मलेही राग आला. म्हटलं, नाही शोधत जा. दोघंही अडून बसलो. मंग एक दिवस तो हसला, मी हसली, राग गेला. पण इचाराचं राहूनच गेलं. वाटे, आज इचारीन, उद्या इचारीन. पोट्टा अकरावीत होता तवा मालक गेले."

"मग नाकेदारांना विचारा न. त्यांना माहीत असेल."

बाईंनी टॉर्च विझवला. "साऱ्या गावाच्या लेकराचं वजन सांगणारी बाई सोताच्या पोट्ट्याचं वजन कोणाले इचारते वं? तोंड कुठं लपवू मी? पोट्ट्यालेही हे माहीत नाही. तूही सांगशील तं पाय." 'पाय' म्हणजे पाहा. मी शपथ घेतली.

त्यानंतर मला बाई वेगळ्या दिसू लागल्या. ज्या खुणांची मालकीण त्यांना ठाऊक होती त्या सोडून उरलेल्यांतून त्या शोधत होत्या. किती वर्षं, कोण जाणे. लोकांना वाटायचं म्हातारी हौशी आहे.

आणि तेवढ्यात रस्ता रुंद होणार असल्याची बातमी आली. नाक्याची खोली रस्त्यात येत होती. बाईंनी ते ऐकलं, नाडी धरली, मिनिट मोजलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मराठी शिकवते न तू? लिही." मी लिहिलं. आयुष्यात तेवढं मन लावून मी पीएचडीचा प्रबंधही लिहिला नाही, म्हणूनच बहुधा तो अजून अर्धा आहे. नागपूरच्या जुन्या वास्तू बघणाऱ्या कचेरीला तीन पानी पत्र धाडलं, भिंतीचं वर्णन केलं, खुणांची नक्कल जोडली नाही हा माझा गाढवपणा. फोटो काढायचंही सुचलं नाही. भिंत कुठं जाते, असं वाटलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. एक अधिकारी पाहणीला येणार, शुक्रवारी संध्याकाळी. त्यांच्या अहवालावर ठरेल. कचेरीच्या पत्रात 'भिंत मूळ स्वरूपात पाहता येईल अशी व्यवस्था ठेवावी' असं वाक्य होतं. ते मी बाईंना वाचून दाखवलं होतं, हे मला पक्कं आठवतं. पण गावाला वाचून दाखवलं नाही.

बाईंच्या मोतीबिंदूची तपासणी नेमकी गुरुवारी नागपुरात होती. मी सोबत गेले. रात्री आमच्याच घरी मुक्काम. निघताना बाई पेंटरभाऊंना आणि सायकलवाल्या काकांना एवढंच सांगून गेल्या, "उद्या पाहुणा येऊन राहिला. घर हसलं पाहिजे." ही त्यांची जुनीच म्हण. लसीकरणाच्या दिवशी उपकेंद्र झाडायलाही त्या हेच म्हणायच्या.

शुक्रवारी साडेचारच्या एसटीनं आम्ही परतलो. पाच वाजता जीप आली. अधिकारी म्हणजे पस्तिशीच्या एक मॅडम निघाल्या, गळ्यात कॅमेरा, पायात बूट, बोलणं नेमकं. बाईंनी त्यांना पाहिलं आणि माझ्या कानात म्हणाल्या, "अठ्ठावन्न." मी म्हटलं, आज तरी गप्प बसा.

पहिल्याच दुकानात घोळ दिसला. बिल्ले चिंचेनं घासून लखलखीत केलेले, ते एक वेळ ठीक. पण जुन्या सायकली चांदीच्या रंगात न्हालेल्या. दिव्यांनाही चांदी. काका छाती काढून उभे. मॅडमनी पायडल मारलं, दिवा लागला, त्या हसल्या, पण वहीत काहीच लिहिलं नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांनी पाऊल उचललं होतं, भरभर, नाक्याच्या दिशेनं. दुसरं संग्रहालय वाटेवर असून त्या थांबल्या नाहीत.

नाक्यासमोर अर्धं गाव जमलेलं. दाराला आंब्याच्या पानांचं तोरण. आत काट्याला पिवळा आणि तांबडा पट्टा, अगदी पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखा. आणि भिंत निळी. भडक, ओली, आकाशी डिस्टेंपरची भिंत, जमिनीपासून छतापर्यंत. तिच्यावर हातभर उंचीच्या अक्षरांत, सावली दिलेलं, 'सुस्वागतम'.

पेंटरभाऊ दोन्ही हातांना निळा रंग लावून कोपऱ्यात उभे होते, आनंदानं फुललेले. "बाई, रातभर जागलो," ते म्हणाले. "भिंत लय घाण झाली होती कोयशानं. पाहुणा काय म्हणन?"

बाईंनी मनगट धरलं. मान घड्याळाकडे वळवली. मिनिट झालं. बाईंनी हात सोडला नाही. दुसरं मिनिट मोजलं. मी चार वर्षांत त्यांना दुसरं मिनिट मोजताना पाहिलं नव्हतं. पेंटरभाऊंच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं. "अव माय," एवढंच ते म्हणाले आणि खाली बसले. खांद्यावरचा ओला टॉवेल घेऊन भिंत पुसायला लागले, तर टॉवेल निळा झाला, बाकी काही नाही.

मॅडम मला हळूच म्हणाल्या, "पत्रात लिहिली होती ती भिंत हीच का?" मी मान हलवली. "मग आता मी काय लिहू? इथं जुनं असं काहीच दिसत नाही. सगळं कालचं वाटतं."

मला रडू आलं. रागाचं की दुःखाचं, सांगता येत नाही. सगळ्या गावाला तिथंच उभं करून फाडफाड बोलावं असं वाटलं. पण बोलल्या बाई. आवाज शांत.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "पोयाले आमी बैलाचे शिंगं रंगवतो. झूल घालतो. त्याच्यानं बैल गोऱ्हा होते का?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं.

"बैल तोच राह्यते. यायनं पाहुण्यासाठी रंगवला," बाई म्हणाल्या आणि पेंटरभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. "उठ गा. मीच सांगतलं होतं, घर हसलं पाहिजे. चूक मायी."

मग त्या दाराकडे वळल्या. दारात बायका उभ्या होत्या, सुना, सासवा, काही कडेवर नातवंडं घेतलेल्या. बाईंनी कमरेची पिशवी उघडली. तिच्यात एका डबीत कोळशाचे तुकडे असायचे, निवृत्तीनंतरही. त्यातला एक त्यांनी पुढे धरला.

चहाच्या टपरीवाल्या काकू आधी पुढे आल्या. पदर खोचला, भिंतीजवळ गेल्या, हातानं मोजल्यासारखं केलं. "मायं इथं होतं. या 'ग'च्या खाली. सात किलो." आणि निळ्या भिंतीवर कोळशानं ७ काढला. बाजूला एक कंगवा. "अन् दुसऱ्याचं त्याच्या बाजूनं, सव्वासहा. तो बारीकच होता मेला."

"सव्वासहा नाही, साडेसहा," मागून त्यांची सासू ओरडली. "मी होती तवा."

मग एकदम झुंबड झाली. एक कोळसा पुरेना, तर टपरीवाल्या काकूंनी शेगडीतले विझलेले निखारे आणवले. कोण म्हणे माझं खिडकीजवळ होतं, कोण म्हणे तू सरक, ती माझी जागा. दोघी जणी एका संत्र्यावरून भांडल्या आणि मग दोघींनी दोन संत्री काढली. एक आजी मुलीला व्हिडिओ कॉल लावून विचारत होती, "अवं, तुयं पान होतं का चाफ्याचं फूल?" कोणी आकडा विसरलेली नव्हती. एकही नाही. मी बघतच राहिले. घरातल्या चाव्या कुठं ठेवल्या ते विसरणाऱ्या बायका, तीस-तीस वर्षांपूर्वीचा पावकिलो विसरल्या नव्हत्या.

मॅडमनी कॅमेरा काढला. आधी भिंतीचे फोटो घेत होत्या, मग भिंत सोडून हातांचे घ्यायला लागल्या. मध्येच वही काढून खाली मांडी घालून बसल्या आणि प्रत्येकीला विचारून लिहू लागल्या.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जीव टांगणीला लागायला नको. नाका वाचला. अहवालाची प्रत मी वाचली आहे. त्यात होतं, 'भिंतीवरील रंग नवा आहे. नोंदी जुन्या आहेत. नोंदी जपणारे हयात आहेत व त्यांचे येणे सुरू आहे.' रस्ता दुसऱ्या बाजूनं, रिकाम्या प्लॉटकडून सरकला. सुस्वागतम अजून तसंच आहे, त्याच्या अक्षरांच्या पोटातसुद्धा वजनं आहेत. मी आता नागपुरात परत आलेय, नोकरी बदलली, पण वर्षातून दोन शनिवार तरी जाते. बाईंचा पाय दुखतो, म्हणून फेरी आता उलटी असते. आधी नाका, मग उतारानं खाली.

पण त्या शुक्रवारी हे काहीच माहीत नव्हतं. भिंत भरत चालली होती आणि बाई मागे काट्याच्या फळीवर बसून सगळ्यांकडे बघत होत्या. चेहरा हसरा. बघणाऱ्याला वाटलं असतं, गंगेत घोडं न्हालं. पण मला ठाऊक होतं. प्रत्येकीला आपलं आठवत होतं, म्हणून ते परत येत होतं. जे बाईंना आठवतच नव्हतं, कारण कधी कळलंच नव्हतं, ते परत आणायला कोणी नव्हतं. इतकी वर्षं ते निदान भिंतीवर कुठं तरी होतं. आता तेही नव्हतं. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात घेतला आणि सवयीनं नाडीवर बोटं ठेवली.

बायका आटोपत आल्या तसे नाकेदार उठले. काठी टेकत, हळूहळू. त्यांना वाट करून दिली. त्यांनी जमिनीवरचा एक निखारा उचलला आणि भिंतीच्या पार खाली, उजव्या कोपऱ्यात वाकले. वाकायला त्यांना इतका वेळ लागला की पेंटरभाऊंनी मागून कमरेला धरलं.

"एक माया समोर लिहिलं होतं," नाकेदार ऐकू न येणाऱ्या माणसासारखे मोठ्यानं म्हणाले. "हेही लिहा लागन न."

त्यांनी ९ काढला. ठसठशीत. बाजूला एक गोल काढला आणि गोलाच्या वर एक छोटी दांडी.

"संत्रं," टपरीवाल्या काकू त्यांच्या कानाशी ओरडल्या. "कोणाचं हे?"

"संत्रं कायचं?" नाकेदार म्हणाले. "मलेही तवा संत्रंच वाटलं. मी इचारलं मेकॅनिकले, तं मले म्हणे, घड्याळ हाये. उलटं टांगलेलं. याच्या मायचं." त्यांनी काठीनं बाईंच्या पदराकडे दाखवलं. "चित्रं काही येत नव्हते त्याले. नऊ किलो भरला होता पोट्टा, बाई. बाप एकटा काट्यावर चढला तवा मायाजवळ होता तं मिशा ओढे मायी."

बाई उठल्या नाहीत. त्यांचा हात माझ्या मनगटावर होता, तो तिथंच घट्ट झाला. ते संत्रं त्यांनी हजार वेळा पाहिलं असणार. कोणाचं तरी संत्रं म्हणून दर वेळी सोडून दिलं असणार. मग त्यांनी पदरावरचं घड्याळ हातात घेतलं, वळवून पाहिलं, त्या गोलाकडे पाहिलं, आणि अशा रडल्या की कडेवरची लेकरंसुद्धा गप्प झाली. कोणाला काही कळलं नाही. बायकांना वाटलं, मालकांच्या आठवणीनं. तेही खोटं नव्हतं.

थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "फोन लाव."

"कोणाला?"

"कोणाले म्हणजे? नऊ किलोले."

मी लावला. स्पीकरवर टाकला, कारण बाईंच्या हातातून पदरावरचं घड्याळ सुटत नव्हतं. दोन रिंगमध्ये उचलला. आज शुक्रवार, रविवार नाही. त्याचा आवाज घाबरलेला.

"आई? काय झालं? बरी आहेस न?"

"नऊ किलो," बाई म्हणाल्या. "नऊ किलो होता तू, पोट्ट्या. घड्याळ काढलं होतं तुया बापानं."

मला वाटलं फोन कटला. मी स्क्रीन बघितली, चालू होता. मग तो हळू आवाजात, जपून बोलला. त्या एका शब्दावरून कळलं, त्यालाही माहीत होतं, सगळं, इतकी वर्षं; बापानंच सांगितलं असणार.

"सापडलं?" तो म्हणाला.